फोडणीचा श्वास

खालून श्वास ऐकू आला आणि सोहेर वासाची वाट पाहत थांबली. तिच्या हातात अर्धवट सोललेली काकडी होती आणि सुरी सालीत अडकून राहिली होती. वीज चमकली की माणूस गडगडाटासाठी कान देतं, तशी तिला सवय लागून गेली होती: आधी श्वास, मागून वास. खालच्या मजल्यावर तिची सून रिहाम मुलूखिया रांधायची. बारीक चिरलेला तो हिरवा, बुळबुळीत पाला रश्शात शिजत आला की वरून तुपात परतलेल्या लसूण-धन्याची फोडणी ओतायची, आणि ओतताना, अलेक्झांड्रियातल्याच काय, साऱ्या इजिप्तमधल्या बायका घेतात तसा, दचकल्यासारखा मोठा श्वास तोंडानं आत ओढायची. हाऽऽ! तो श्वास घेतला नाही तर पाला तळाशी बसतो आणि भाजी बिघडते, असं म्हणतात. श्वासाला मनवरमधून वर यायला वेळ लागत नाही. मनवर म्हणजे इमारतीच्या पोटातला उभा चौकोनी बोळ; सगळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या आणि न्हाणीघरांच्या खिडक्या त्याच्यात उघडतात, आणि त्याच्या तळाशी पडलेले चिमटे नि कबुतरांची पिसं वर्षानुवर्षं कोणी उचलत नाही. आवाजाला तो नळीसारखा वर पाठवतो. वास मात्र आपल्या चालीनं येतो. गरम हवा वर चढते खरी, पण वाळत घातलेल्या चादरींमधून वाट काढत, भिंतींच्या ओलीला घासत चढते. तोवर सोहेर हातातलं काम तसंच धरून उभी राही, आणि तांबूस झालेल्या लसणाचा वास गजांतून आत आला की स्वतःशी म्हणे, जमली पोरीला. आज ती काकडी धरून उभी राहिली. वास आला नाही.

पहिल्यांदा तिला वाटलं, नाकच गेलं. साथीच्या वर्षी गेलं होतं तसं. तेव्हा कांद्याची फोड नाकाशी धरली तरी पाणी हुंगल्यासारखं वाटायचं. मुलींच्या शाळेत आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेली बाई ती, घाबरायची तेही पद्धतशीर. तिनं काकडी खाली ठेवली आणि लवंगांची बाटली उघडली. लवंग आली. व्हिनेगर आलं, डोळ्यांत पाणी घेऊन आलं. कपड्यांचा साबण आला, नळाशी ठेवलेल्या माशांच्या पिशवीतला समुद्र आला. ती एकेक वस्तू नाकाशी धरत ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, तेव्हा बाल्कनीतून तिचा नवरा फिक्री तिच्याकडे बघत होता. बंदरातल्या गोदामातून निवृत्त झाल्यापासून तो दुपारभर तिथं खुर्ची टाकून बसे.

“काय गं, मांजरीसारखी हुंगत काय फिरतेयस?”

“अबू हातिम, तुम्हाला मुलूखियाचा वास आला का हो?” मुलाच्या नावानं, ‘हातिमचे बाबा’ अशीच ती त्याला हाक मारी.

“आज मासे म्हणालीस ना?”

“आपली नाही. खालची.”

“मग खालचे खातील. वाटी आली वर तर खाऊ, नाही आली तर मासे आहेतच.” तो हसला. “आली तर लिंबू काढून ठेव हां.”

तिनं लिंबू काढून ठेवलं. हात सवयीनं चालत होते. तेवढ्यात वास आला, पण वांग्यांचा. तेलात तळलेली वांगी, त्यावर व्हिनेगरमध्ये कालवलेला लसूण. हा दुसऱ्या मजल्यावरच्या उम्म मीनाचा, मीनाच्या आईचा. ती कॉप्टिक ख्रिस्ती; तिचे उपास चालू होते आणि उपासाला ती तूप-मांस सोडून तेलावर राहते, हे सोहेरला कोणी न सांगता वासावरून कळत असे. उम्म मीना दुसऱ्या मजल्यावर, रिहाम आणि हातिम तिसऱ्यावर, आपण चौथ्यावर. म्हणजे दूरचा वास पोचला होता आणि जवळचा नव्हता. नाक चांगलं होतं, हवा चांगली होती, वाट मोकळी होती. शाळेत ती मुलींना सांगायची, एकेक शक्यता खोडत जा, घाई करू नका, जी खोडता येत नाही तिच्यापाशी थांबा. आता खोडण्यासारखं काही राहिलं नाही आणि तिला थांबायचं नव्हतं. उरला तो नुसता श्वास. तो तिच्या कानात अजून होता. तिनं तो पुन्हा ऐकला आणि तिला दिसलं की त्याच्या आगेमागे काहीतरी कमी आहे. फोडणी पडते तेव्हा चर्र होतं. चर्र आणि हाऽऽ ही जुळी भावंडं, एकाला सोडून दुसरं येत नाही. आज चर्र नव्हतं. आज श्वासाच्या आधी दुसरंच काहीतरी होतं, ओलं फडकं ओट्यावर आपटावं तसं, सपाट, छोटं. ते तिनं ऐकलं होतं. ऐकून तिनं ते बाजूला ठेवलं होतं, काकडीची साल बाजूला ठेवतात तसं. तिला आपल्या हाताची बोटं गार पडल्याचं जाणवलं. बाहेर इतकं ऊन होतं की बाल्कनीच्या कठड्याला हात लावता येत नव्हता.

श्वासानं पाला तरंगत राहतो यावर तिचा कधीच विश्वास नव्हता. वर्गात एकदा तिनं हे फळ्यावर काढून दाखवलं होतं: पानांतून सुटणारा चिकट पदार्थ, त्यात लोंबकळत राहिलेले कण, बाईच्या तोंडच्या हवेचा त्यात काही संबंध नाही. मागच्या बाकावरच्या एकीनं हात वर केला होता. “मग मिस, तुम्ही घरी घेता का?” सगळा वर्ग हसला होता. “घेते,” सोहेर म्हणाली होती, “माझी आई घ्यायची म्हणून.” आणि हेच तिनं रिहामला शिकवलं होतं, लग्नाच्या पहिल्याच महिन्यात, याच ओट्याशी. कफ्र-अद-दव्वारहून आलेली ती बारीक चणीची पोर, हातावरची मेंदी अजून नखांपुरती उरलेली. फोडणीची पळी हातात घेऊन ती लाजली होती, तोंडातल्या तोंडात कसंबसं हं केलं होतं. सोहेरनं तिच्या पाठीवर थाप मारली होती. “अगं उंदीर आहेस की काय? इथून घे, पोटातून! शेजारपाजारला कळू दे, आपल्या घरी आज मुलूखिया आहे!” मग दोघींनी मिळून घेतला होता, आणि खालून उम्म मीना मनवरमधून ओरडली होती, “बरक्कत असो, उम्म हातिम! आता दोन दोन बायका दचकतायत!” किती हसल्या होत्या तिघी. त्यानंतर खालून पहिल्यांदा रिहामचा एकटीचा श्वास ऐकू आला तेव्हा सोहेरला अभिमान वाटला होता. हुबेहूब आपला. आपल्या आईचा.

आता ती एकेक श्वास आठवू लागली आणि त्याच्याजवळ वास आहे का ते बघू लागली. काही श्वासांजवळ होता, स्वच्छ होता. काहींजवळ आठवेना. सकाळी, हातिम चष्म्यांच्या दुकानात जायला निघायचा त्या वेळचा एक श्वास होता. सकाळी नऊला कोण फोडणी करतं? तिनं तेव्हा मनाशी म्हटलं होतं, आधीच करून ठेवतेय, हुशार पोर. आणि बकरी ईदची सकाळ. घराघरात मांस शिजत होतं, भाकरीचे तुकडे आणि भात रश्शात भिजत होते, साऱ्या शहरात त्या दिवशी मुलूखियाचं पान चुलीवर चढत नाही, आणि खालून श्वास आला होता. लांब, मोठा. सोहेरनं त्याचीच चेष्टा केली होती सगळ्यांच्या देखत, ताटांवर. “सणाच्या दिवशीसुद्धा मुलूखिया! माझा मुलगा एक दिवस हिरवा होणार बघा!” हातिम हसला होता, तोंडात घास असताना, हात ओठांवर धरून, त्याची लहानपणापासूनची सवय. फिक्री हसला होता. रिहाम हसली होती. रिहाम म्हणाली होती, “त्यांना आवडते ना, आई.” लांब बाह्यांचा जांभळा झगा घातला होता तिनं. ऐन उन्हाळा होता. ती डोकं झाकणारी, अंग झाकणारी मुलगी. लांब बाह्यांकडे कोण बघतं? सोहेर ओट्याला टेकली. आपणच तिच्या तोंडी सबब दिली, तिच्या मनात आलं. तिला काही बोलावं लागलं नाही. दर वेळी आपण वरून खाली वाकून विचारत होतो, मुलूखिया का गं, आणि ती हो म्हणत होती.

एक गोष्ट मात्र तिला आठवायची नव्हती आणि तीच आली. मागल्या हिवाळ्यात रिहाम रुसून माहेरी गेली होती. मुली जातात. मग सासरची माणसं मिठाईचं ताट घेऊन जातात, पुरुष बैठकीत बसतात, बायका आत बसतात, सरबत फिरतं, आणि मुलगी परत येते. सोहेर आणि फिक्री बसबूसाचं ताट घेऊन गेले होते. काय झालं हे कोणीच विचारलं नाही, कारण विचारणं म्हणजे निवाडा करणं, आणि निवाडा केला तर कोणीतरी हरतं. सोहेरनं तिच्या आईला म्हटलं होतं, भांड्याला भांडं लागायचंच. येताना गाडीत दोघी मागे बसल्या होत्या. बाहेर गव्हाची शेतं, कालव्याच्या पाण्यात उभे बगळे. एकाएकी रिहाम म्हणाली होती, अगदी हळू, पुढच्या पुरुषांना ऐकू जाऊ नये अशी, “आई, तुम्हाला वर सगळं ऐकू येतं ना आमचं?” आणि सोहेर खूश झाली होती. सुनेनं आपणहून काही विचारलं म्हणून, बोलायला सुरुवात केली म्हणून. तिनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवून मोठ्यानं सांगितलं होतं, “सगळं! तुझा मुलूखियाचा श्वाससुद्धा!” रिहामनं तिच्याकडे पाहिलं होतं. त्या नजरेचं सोहेरला तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता ती नजर ओट्यापलीकडून तिच्याकडे बघत होती आणि पापणी लवत नव्हती. मग रिहाम हसली होती आणि खिडकीकडे वळली होती. बगळ्यांकडे.

सोहेरनं दोन काकड्या आणि ते लिंबू एका वाडग्यात घेतलं आणि ती खाली निघाली. रिकाम्या हातानं दार वाजवायचं नसतं. जिन्यात उम्म मीनाच्या वांग्यांचा वास अजून घट्ट होता. ती मनातल्या मनात म्हणत होती, पातेलं गरम असेल. झाकण ठेवलं असेल, खिडकी लावली असेल, लसूण संपला असेल. दार रिहामनं उघडलं, पण पूर्ण नाही. फटीत उभी राहिली, एक गाल दाराच्या मागे ठेवून.

“आई? तुम्ही कशाला उतरलात, मीच वाटी घेऊन येत होते.”

“काय केलंस गं?”

“मुलूखिया.”

“वास नाही आला आज.”

तिचा दिसणारा डोळा सोहेरवर होता. मग तिनं अगदी मंद आवाजात, जवळजवळ नवलानं, विचारलं, “आजच?”

“कोण आहे?” आतून हातिम.

“आई आहेत.”

“मग दारात काय उभं केलंयस? आई, ये, ये ना आत.” तो टीव्हीसमोरून उठून आला, बनियनवर, चेहऱ्यावर तेच मऊ, झोपाळू हसू. आईच्या कपाळाला त्यानं ओठ लावले. तिच्या हातातलं वाडगं घेऊन रिहामकडे दिलं, तिच्याकडे न बघता, जसं टेबलावर ठेवावं. रिहाम वाडगं घेऊन स्वयंपाकघरात वळली आणि सोहेर तिच्या मागोमाग दोन पावलं गेली. चुलीवर पातेलं नव्हतंच. तिनं चुलीच्या जाळीवर हात ठेवला. लोखंड गार होतं. तळहात टेकवून ती तशीच उभी राहिली, ताप बघतात तशी. “आई, इकडे बघ,” हातिम म्हणाला, “चष्मा परत ढिला झालाय तुझा, नाकावरून घसरतोय. आण.” आणि ती हो-नाही म्हणायच्या आत त्यानं दोन्ही हातांनी, दुकानात गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरून काढतो तसा अलगद, तिचा चष्मा काढून घेतला. सगळं विरघळलं. रिहाम नळाजवळची एक जांभळी ओल झाली, खिडकी एक पांढरी ओल. फक्त त्याचे हात उरले, कारण ते जवळ होते. खिशातला बारीक पेचकस काढून तो काडीचा स्क्रू पिळत होता. सुंदर हात, लांब बोटांचे, नखं कापलेली. याच हातांनी तो पाच वर्षांचा असताना मेलेल्या चिमणीला कागदात गुंडाळून कुंडीत पुरायचा आणि रडायचा. लोक म्हणतात, तुमच्या मुलाचा हात किती हलका आहे, चष्मा ठेवला हे कळतसुद्धा नाही. सोहेर त्या हातांकडे बघत राहिली. त्यांच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. ती त्यांच्यावर काय शोधत होती तिलाच माहीत नव्हतं. “झालं,” तो म्हणाला आणि चष्मा घालायला त्यानं दोन्ही हात एकदम तिच्या चेहऱ्याकडे आणले, आणि सोहेरचं डोकं मागे गेलं, तिचा हात कोपरापासून वर आला, आणि तिच्या तोंडातून, पोटातून, हाऽऽ करून श्वास आत गेला.

हातिम मोठ्यानं हसला. “काय गं आई! फोडणी ओतलीस की काय?”

चष्मा नाकावर बसला आणि जग परत जागेवर आलं, कडांसकट. रिहाम तिच्याकडे वळली होती. आता दोन्ही गाल दिसत होते. सोहेरनं पाहिलं. आणि त्यानंतर तिनं जे केलं ते ती पुढे कधी कोणाला सांगू शकली नसती: ती हसली. मुलगा हसला म्हणून, हसण्यावर हसायचं असतं म्हणून, तोंड आपोआप तसं झालं. “जाते रे,” ती म्हणाली, “मासे राहिलेत.” आणि वर आली.

जिन्यात तिला आपल्या कोपराचं आश्चर्य वाटत होतं. तो वर कसा आला? कोणी शिकवलं त्याला? श्वास आईनं शिकवला होता, रशीद गावातल्या घरात, नदीकडच्या अंगणात. सोहेर लहान असताना अंगणात खेळायची आणि आतून श्वास आला की भूक लागायची. वाडगं घेऊन ती आत धावायची. कधी पातेलं वाफाळत असायचं. कधी आई भिंतीकडे तोंड करून उभी असायची, वडील दारात चपला शोधत असायचे, आणि आई न वळता म्हणायची, “थांब, अजून झाली नाही.” सोहेर वाडगं घेऊन थांबायची. काही वेळा फार थांबायची. पण कोपर? आईचा कोपर तिला आठवत नव्हता. तिनं स्वयंपाकघरात येऊन माशांची पिशवी उघडली, खवले काढायला सुरुवात केली, आणि मनगटातून नेहमीची कळ आली. उजवं मनगट. थंडीत दुखतं, खवले काढताना दुखतं. ट्रामवरून पडल्याचं मनगट. हातिम पोटात होता तेव्हाची गोष्ट. बाकूसच्या थांब्यावर ती ट्रामच्या पायरीवरून घसरली होती, निळी ट्राम, पायरीवर सांडलेलं काहीतरी, एका म्हाताऱ्यानं तिला उठवलं होतं, त्याच्या काखेत वर्तमानपत्र होतं. हे तिनं शाळेत सांगितलं होतं, आईला सांगितलं होतं, हाडाच्या डॉक्टरला सांगितलं होतं. ती फिक्रीकडे गेली. हाताला खवले चिकटलेले होते.

“हातिम मारतो तिला.”

फिक्रीनं शेंगदाण्याचं साल फुंकून उडवलं. खालच्या गल्लीत कोणीतरी खरबुजं विकत ओरडत होतं. “तिनं सांगितलं?”

“मी पाहिलं.”

“घरं म्हणजे गुपितं, सोहेर. झाकलेलं बरं. आता बाप होण्याचं वय त्याचं, आपण मधे पडलो तर त्याचं तोंड काय राहील?” तो थोडा वेळ समुद्राच्या दिशेला, दोन इमारतींमधल्या निळ्या चिंधीकडे, बघत राहिला. “बोलेन मी त्याला. पण त्यानं काही कारणाशिवाय केलं नसेल. माणूस दिवसभर राबून येतो. मी काय तुला कधी—”

आणि तो थांबला. सोहेर वाट पाहत उभी राहिली. तिला ते वाक्य पुरं व्हायला हवं होतं. इतकं हवं होतं की ती मनातल्या मनात त्याला शब्द पुरवत होती, म्हणा ना, मी काय तुला कधी हात लावला, म्हणा. त्यानं तिच्या मनगटाकडे पाहिलं. मग पुन्हा शेंगदाण्यांकडे.

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती,” तो म्हणाला. “बंदरावर संप होता तेव्हा.”

ती स्वयंपाकघरात परत आली. तिनं ट्राम शोधली. निळी ट्राम होती तिथंच होती, पायरी होती, म्हातारा होता, पण तो एकाच चित्रात उभा होता, हलत नव्हता, आणि त्याच्या तोंडी काही नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं त्याला कधी काही बोलायला लावलं नव्हतं. जो माणूस गर्भारशीला उठवतो तो काहीतरी बोलतो. तिनं त्याच्या वर्तमानपत्राला हात लावला आणि ते निघून आलं, त्याच्यामागे भिंत होती, याच स्वयंपाकघराची, तेव्हाचा हिरवा तैलरंग, दाराची चौकट, चौकटीत अडकलेला आपला हात आणि त्याच्यावर दाबलं जाणारं दार. आणि श्वास. तिचाच. मग ती धप्पकन स्टुलावर बसली. तिला रडू येत नव्हतं. तिला फक्त प्रचंड नवल वाटत होतं, आयुष्यभर वापरलेल्या कपाटाला मागून दुसरं दार आहे हे एकाएकी कळावं तसं. उम्म मीना तेव्हाही खाली होती. नवीन लग्न होऊन आलेली. तिनं तो श्वास ऐकला असेल. तिनंही वासाची वाट पाहिली असेल.

मनवरमध्ये उन्हाची तिरीप सरकत वर गेली होती. कोणाच्या तरी न्हाणीघरात पाणी पडत होतं, कोणाचा तरी रेडिओ लागला होता. आणि या सगळ्याच्या खालून, अगदी जवळून, हातिमचा आवाज आला. चढलेला नव्हता. दुकानात विचारतो तसा, कोणत्या नंबरची काच बसवू, इतका शांत.

“आईला काय सांगितलंस?”

“काही नाही. देवाशपथ काही नाही.”

“मग ती उतरली कशाला?”

सोहेर उठून उभी राहिली. मी उतरले, तिच्या मनात आलं, मी उतरले म्हणून. ओलं फडकं आपटल्याचा तो आवाज आला, आणि लगेच मागोमाग श्वास. आणि सोहेर वाट पाहत थांबली नाही. तिनं खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले आणि तोंड त्यांच्यात खुपसून ती ओरडली, तीस मुलींच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज काढून:

“हातिम! वास येत नाहीये!”

मनवरनं तो आवाज वर नेला आणि खालीही नेला. पाणी पडायचं थांबलं. रेडिओ कोणीतरी बारीक केला. या इमारतीत मनवरमधून सगळं ऐकायचं असतं आणि काहीच ऐकलेलं नसतं. जिन्यात भेटल्यावर माणसं एकमेकांना फक्त हवेबद्दल विचारतात. “काय म्हणालीस, आई?” हातिमचा आवाज आला, नेहमीचा, गोड, जरासा हसरा.

“लसणाचा वास येत नाहीये म्हणाले! श्वास ऐकला मी तिचा. फोडणी कुठाय?”

“अगं, वेड लागलं का?” फिक्री धावत आला होता, तिची बाही ओढत होता. “लोक ऐकतायत!”

“हातिम, चूल गार आहे तुझी! मी हात लावून बघितलाय!”

खालून उत्तर नाही. सगळ्या इमारतीतून उत्तर नाही. एका क्षणाला सोहेरला वाटलं, झालं, आता खिडक्या लागतील, एकेक करून, हलकेच, आणि उद्या सगळे हवेबद्दल बोलतील. मग दुसऱ्या मजल्यावरची खिडकी कुरकुरली. ती लागली नाही, उघडली.

“मलाही नाही आला, उम्म हातिम.” उम्म मीनाचा आवाज म्हातारा झाला होता, पण स्पष्ट होता. थोडं थांबून ती म्हणाली, “आज नाही आला. सणाच्या दिवशीही नव्हता आला.” आणि मग, आणखी हळू, जणू फार जुनी वाटी परत करायची राहून गेली होती, “तेव्हा तुझाही नव्हता आला गं.”

सोहेर वळली. दाराच्या चौकटीत फिक्री उभा होता, एक हात चौकटीवर आडवा. तो चिडलेला दिसत नव्हता. घाबरलेला, गोंधळलेला, म्हातारा दिसत होता. “कुठे निघालीस? थांब, मी बोलतो त्याच्याशी. सकाळी बोलतो. पुरुषा-पुरुषांत.”

“मी ट्रामवरून पडले नव्हते, फिक्री,” ती म्हणाली. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं त्याला नुसत्या नावानं कधी हाक मारली नव्हती. त्याचा हात चौकटीवरून आपोआप खाली आला.

जिन्यात अंधार व्हायला अजून वेळ होता. खालून कोणीतरी वर चढत होतं, दमत, कठडा धरत. उम्म मीना, झग्याचा घोळ वर खोचलेला, हातात तेलाची पळी तशीच, ठेवून यायचं भान राहिलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दोघी समोरासमोर आल्या. सोहेरनं घंटी वाजवली नाही. तळहातानं दार वाजवलं, त्याच मनगटाच्या हातानं, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी कळ कोपरापर्यंत जात होती आणि ती जाऊ देत होती. “रिहाम! दार उघड पोरी. माझ्याबरोबर वर चल.” आत हातिम काहीतरी म्हणाला, ते कळलं नाही. मग पावलं, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, परत इकडे. सोहेरनं दाराला कान लावला. लाकडाला रंगाचा जुना वास होता. दाराच्या अगदी पलीकडे, हातभर अंतरावर, कोणीतरी खाली वाकत होतं.

“थांबा आई,” रिहामचा आवाज आला. “चपला घालतेय.”